पाच नंबरची वायर

शिवतेजने दीक्षाकडे पहिल्यांदा काही मागितलं, तेव्हा ती सरळ नाही म्हणाली. आणि मागितलं तरी काय होतं बिचाऱ्याने? टॉर्च धरायला सांगितला होता.

जुलै सरत आला होता. घड्याळात जेमतेम साडेपाच, पण आभाळ इतकं खाली आलेलं की दिवस कधीच मावळलाय असं वाटावं. महापेहून सुटलेली ऑफिसची बस ठाणे-बेलापूर रोडच्या कडेला उभी होती. पुढचे दोन्ही दिवे एकदम गेले होते, आणि असल्या अंधारात गाडी पुढे नेणार नाही, असं ड्रायव्हरने सांगून टाकलं होतं. बाकीची मंडळी रिक्षा पकडून पांगली. दीक्षा तेवढी बसजवळ छत्री धरून उभी राहिली. हल्ली तिला घरी जायची घाई नसायची.

पाऊण तासाने कळंबोलीहून मोटरसायकलवर इलेक्ट्रिशियन आला. उंच, सडपातळ, रेनकोटच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे पेनासारखा टेस्टर. आल्या आल्या त्याने बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि मागे न बघताच टॉर्च पुढे केला.

"धरा जरा. पाचच मिनिटं."

"नाही," दीक्षा म्हणाली.

एवढ्या तुटक आवाजात म्हणाली की तो दचकून वळला. "अरे... मला वाटलं ड्रायव्हरदादा हायत. सॉरी, मॅडम."

दीक्षाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने तो पाहिला. टॉर्च दातात धरला आणि कामाला लागला. मध्येच त्याला काय वाटलं कोण जाणे, टॉर्च दातात तसाच ठेवून त्याने पुन्हा माफी मागितली. त्यातून "ऑई, आअम" असं काहीतरी बाहेर पडलं... आणि दीक्षाला हसू फुटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तिचं तिलाच ते इतकं परकं वाटलं की तिने तोंडावर हात धरला.

दिवे लागले. तो हत्यारं आवरत असताना ती पुढे झाली.

"घरी येऊन काम करता का? दिघ्याला. आमच्या गाडीच्या हेडलाइटच्या वायरी उंदरांनी खाल्ल्यात."

"येईन की, रविवारी." मग डोळे बारीक करून म्हणाला, "टॉर्चचं टेन्शन घेऊ नका. माझे दात मजबूत हायत."

गाडी दीक्षाच्या पप्पांची होती. शिवराम सकपाळ महापेच्या एका कारखान्यात पॅनल वायरमन होते. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या मशिनींच्या वायरी जोडल्या, आणि निवृत्तीला चार वर्षं उरली असताना एक जुनी पांढरी गाडी घेतली. मंडणगडला गावी जायला, आणि बायकोला पुढच्या सीटवर बसवून मिरवायला. गेल्या नोव्हेंबरात ते गेले. तेव्हापासून गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मध्ये, जागची हलली नव्हती. बॉनेट उघडलं होतं ते फक्त मामाने एकदा, आणि उंदरांचा पराक्रम बघून लगेच बंद केलं होतं. दीक्षाची आई, सरोजिनीताई, त्या बाजूला फिरकतही नसत. बाजारात जाताना त्या मागच्या गेटने जायच्या. शेवटी त्यांनीच भावाला सांगितलं की गाडी विकून टाक. पनवेलचे एक शिक्षक घ्यायला तयार झाले. दोन्ही दिवे चालू करून द्या, तिसऱ्या रविवारी घेऊन जातो, म्हणाले.

दीक्षाला गाडी विकायची नव्हती, आणि ठेवायचीही नव्हती. तिला फक्त एका गोष्टीचं उत्तर हवं होतं, आणि ते त्या बॉनेटखाली होतं. ते उघडून बघायची मात्र तिची छाती नव्हती.

रविवारी शिवतेज आला, तेव्हा पारसिकचा डोंगर ढगात बुडाला होता आणि पार्किंगमधली ट्यूब फडफडत होती. सगळीकडे ओल्या सिमेंटचा आणि उंदरांचा वास. त्याने बॉनेट वर केलं. दीक्षा खांबाआड पाठ करून उभी राहिली.

"उजवी बाजू पार गेली," तो आतून म्हणाला. हत्यारांचा आवाज थांबला. मग हळूच, "डाव्या दिव्याचं हे काम कुणाचं हाय?"

"पप्पांचं."

"लय नीट हात. गाडीच्या वायरीत फेरूल घालणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतोय."

फेरूल म्हणजे वायरीवर ओवायची इवलीशी पांढरी नळी. तिच्यावर आकडा असतो, म्हणजे कुठली वायर कुठली ते कळतं. लहानपणी दीक्षा पप्पांच्या डब्यातल्या फेरुलांच्या माळा करायची. पप्पा ओरडायचे नाहीत, फक्त एक नियम सांगायचे. आकड्याचं डोकं दिव्याकडे पाहिजे, बाळा. सगळ्यांचं. दिव्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला मान वाकडी करायला लागता कामा नये. कारखान्यात कुणी असा नियम पाळत नसे. हा त्यांचा स्वतःचा होता.

"मॅडम, एक विचारू का..." शिवतेज बॉनेटमधून डोकं काढत म्हणाला. खांबाला टेकलेली तिची पाठ त्याला दिसली, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं दिसलं. "राहू दे. चहा मिळंल का?"

वर गेल्यावर त्याने चपला दाराबाहेर काढल्या. सरोजिनीताई सवयीने "जय भीम" म्हणाल्या, आणि मग नवख्या माणसाला आपण काय बोललो म्हणून किंचित थबकल्या. तो हात जोडून "जय भीम, काकू" म्हणाला आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आला. सरोजिनीताईंनी दुसरा कप न मागता भरला. त्या घरात असं आठ महिन्यांत कुणासाठी झालं नव्हतं.

"गाव कुठलं रे तुझं?"

"साताऱ्याकडचं, काकू. पण वाढलो कळंबोलीतच. आप्पांची ट्रकच्या वायरिंगची टपरी हाय, लोखंड बाजारात."

"काम आज होईल?"

"आज उजवा दिवा. डावा पुढच्या रविवारी," तो कपात बघत म्हणाला.

खरं तर एवढं काम एका दिवसाचं होतं. कळंबोलीतला कुठलाही इलेक्ट्रिशियन हे सांगेल, आणि वायरमनच्या पोरीलाही ते न सांगता कळत होतं. ती काही बोलली नाही. तोही बोलला नाही.

आठवडाभर फोन मात्र बोलले. आधी कामाचे. वायर कुठल्या मापाची आणू? मग बिनकामाचे. तुमच्याकडं पाऊस हाय का? दिघ्यात पाऊस असला तर कळंबोलीत असायचाच, पण विचारल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नव्हतं. त्याचा फोन वाजला की दीक्षा हातातलं काम टाकायची, आणि लगेच मन खायला उठायचं. पप्पांना जाऊन वर्ष झालं नाही, आणि तू फोनकडे बघत बसतेस? फोनपायीच तर सगळं झालं ना?

दुसऱ्या रविवारी ती खांबाआडून थोडी पुढे आली. गाडीपासून चार पावलांवर, पण बॉनेटकडे न बघता.

"तुम्ही टॉर्चला एवढं का घाबरता?" त्याने काम करता करता विचारलं. "साप असल्यासारखं बघता त्याच्याकडं."

तिने उडवून लावायला तोंड उघडलं... आणि भलतंच बोलून बसली.

"पप्पा हाच दिवा दुरुस्त करत होते. रविवार होता, संध्याकाळचे सहा. मी टॉर्च धरून उभी होते. तेवढ्यात ऑफिसातल्या पायलचा फोन आला, पिकनिकबद्दल. इथे रेंज धड नाही, आवाज तुटत होता. मी म्हटलं, पप्पा, पाच मिनिटांत आले. आणि वर जाऊन वीस मिनिटं बोलत बसले. कुठला ड्रेस घालायचा ते." तिचा आवाज चिरला. "खाली आले तर ते चाकाला टेकून बसले होते. टॉर्च बॉनेटच्या दांडीला रुमालाने बांधलेला. तसाच जळत होता."

शिवतेजचे हात थांबले.

"डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असेल, कुणीच काही करू शकलं नसतं. पण ते माझी वाट बघत बसले असतील ना हो? चिडले असतील. काम अडलं असेल माझ्यामुळे. तो दिवा पेटला की नाही, तेवढं तरी त्यांनी बघितलं की नाही... मला माहीत नाही. आईलापण सांगितलं नाही मी. तिला वाटतं मी वरच होते."

ती रडत होती, पण आवाज न करता, ओढणीत. शिवतेज बॉनेटमध्ये बघत राहिला. त्याने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं, कारण त्याचे हात ग्रीसने माखलेले होते. शेवटी खिशातला स्वच्छ फडका काढून त्याने तिच्यासमोरच्या वायपरवर टांगला आणि मागे सरला.

"डाव्याचं आज राहू दे," तो म्हणाला. "बुधवारी बघतो."

बुधवारी दीक्षा ऑफिसातून आली, तेव्हा तो आधीच पार्किंगमध्ये होता. बॉनेट बंद होतं. दोन्ही दिव्यांचा उजेड समोरच्या कळकट भिंतीवर पडला होता.

"दीक्षा," तो म्हणाला. मॅडम नाही. "तुझ्या पप्पांचं काम पुरं झालं होतं. डाव्या दिव्याच्या पाची वायरी लागलेल्या होत्या. उंदरांनी नंतर मागच्या बाजूनं खाल्लं, ते मी जोडलं. दिवा त्यांच्यासमोर पेटला होता बघ. बघूनच गेले ते."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग दिव्यांकडे. मग ती तिथेच, गाडीला हात लावून, हमसून हमसून रडली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने त्या गाडीला हात लावला होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ग्रीसचा डाग तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर उमटला. तो तिने धुतला नाही.

चार रात्री तिला झोप लागली. शनिवारी ती चक्क आरशासमोर गुणगुणली, आणि सरोजिनीताईंनी कणीक मळता मळता मान वर करून पाहिलं.

तिसऱ्या रविवारी, शिक्षक चार वाजता येणार म्हणून, दीक्षा सकाळीच बादली आणि फडकं घेऊन खाली उतरली. निरोप द्यायचा तर गाडी नीट पुसून द्यावी. काचा पुसल्या, दारं पुसली. मग धीर करून बॉनेट उघडलं. आता भ्यायचं काय होतं?

डाव्या दिव्यामागे पाच वायरी ओळीने बसल्या होत्या. पाच पांढरी फेरुलं. एक, दोन, तीन, चार. सगळ्यांची डोकी दिव्याकडे.

पाच उलटा होता.

तिने वाकून पाहिलं. बोटाने फिरवून पाहिलं. फेरूल जागचं हललं नाही, कारण खालचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी, नवं कोरं आणि घट्ट दाबलेलं होतं. बाकीच्या चार थिंबलांवर आठ महिन्यांचा मळ होता. तिने बादली बाजूला ठेवली, गेटपाशी रेंजमध्ये गेली आणि फोन लावला.

"या. आत्ताच्या आत्ता."

तासाभरात तो आला, ओलाचिंब, रेनकोट विसरून. चेहऱ्यावर हसू होतं. तिचा चेहरा पाहून ते विझलं.

"हा पाच नंबर कुणी बसवला?"

तो बॉनेटपाशी आला. बघत राहिला. "काय झालं त्याला?"

"पप्पा आकड्याचं डोकं दिव्याकडे ठेवायचे. नेहमी. तीस वर्षं. हा उलटा आहे."

पावसाचं पाणी त्याच्या केसांतून कपाळावर ओघळत होतं. त्याने ते पुसलं नाही.

"मी बसवला."

"म्हणजे पाचवी, अर्थिंगची वायर लागलेलीच नव्हती. तिच्याशिवाय दिवा लागत नाही. दिवा पेटलाच नव्हता."

"न्हाई."

"आणि तुम्ही मला म्हणालात, बघूनच गेले!" तिचा आवाज पार्किंगभर घुमला. "चार रात्री झोपले मी, शिवतेज. खोट्यावर झोपले. तुम्हाला काय वाटलं, पोरगी रडतेय, एक थिंबल दाबलं की गप्प होईल?"

"तुझं रडणं बघवलं न्हाई मला," तो म्हणाला. "तू आवडतेस मला. त्या बसपाशी नाही म्हणालीस ना, तेव्हापासनं. पण खोटं बोललो ते बोललो. त्याला माफी न्हाई, ठावं हाय मला. काढतो ते."

त्याने पक्कड घेतली. हात पुढे नेला आणि थांबला.

"काढायच्या आधी खरं सांगू? जे बघितलं तेवढंच. ऐकशील?"

तिने बॉनेटच्या कडेला हात टेकला. त्याने पक्कड खाली घेतली.

"चार वायरी लागलेल्या होत्या. पाचवी सोललेली होती, तांब्याला पीळ दिलेला. हे पाचाचं फेरूल बॅटरीच्या खाली पडलेलं होतं. म्हणजे त्यांच्या बोटात होतं ते, ओवायच्या बेतात होते. वाट बघणारा माणूस वायर सोलून ठेवत न्हाई, दीक्षा. हातातलं खाली ठेवतो आन् जिन्याकडं बघतो. आन् रुमालाचं तूच सांगितलंस. त्यांनी टॉर्च बांधला, स्वतःची सोय केली, आन् कामाला लागले."

"चिडून बांधला असेल."

"हे आकडे बघ." त्याने बोट न लावता दाखवलं. "एक, दोन, तीन, चार. एक तरी वाकडा हाय का? डोक्यात राग असला की हात असा चालत न्हाई. मला विचार, मी आप्पांशी भांडून टपरीवर बसतो तेव्हा कशा वायरी जोडतो ते. दिवा पेटलेला त्यांनी बघितला न्हाई, हे खरं हाय. पण ते तुझ्यावर चिडले न्हवते. कामात होते. रंगून गेले होते कामात."

दीक्षा त्या चार आकड्यांकडे बघत राहिली. चार छोटी डोकी, सगळी एका रेषेत. पप्पा काम करताना जीभ किंचित बाहेर काढायचे. हाक मारली तरी त्यांना ऐकू जायचं नाही. आई कितीदा चिडायची त्यावरून! हे सगळं तिला माहीत होतं. आठ महिने एवढंच तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिला रडू आलं, पण या वेळी छातीवरचा दगड आपणहून थोडा सरकला, कुणी उचलल्यासारखं करून परत ठेवला नाही.

तिने डोळे पुसले आणि पक्कड त्याच्या हातातून घेतली.

"टॉर्च धरता का जरा?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मी?"

"मग? वायरमनची पोरगी आहे मी. आणि दातात नाही, हातात धरायचा."

"किती वेळ?"

"काम झालं असं मी म्हणेपर्यंत. हलायचं नाही, फोन आला तरी घ्यायचा नाही."

त्याने टॉर्च धरला. तिने नवं थिंबल कापून काढलं, वायर पुन्हा सोलली, पीळ दिला. फेरूल एकदा निसटलं, त्याने हवेत झेललं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते ओवलं. पाचाचं डोकं दिव्याकडे. थिंबल दाबलं, बोल्ट आवळला.

"लावा," ती म्हणाली.

त्याने गाडीत हात घालून बटण दाबलं, पण टॉर्चचा झोत दिव्यावरून हलू दिला नाही. डावा दिवा पेटला, आणि भिंतीवरच्या ओलीचे डाग उजळले.

"दीक्षू..."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सरोजिनीताई उभ्या होत्या. मुलीचा चढलेला आवाज ऐकून धावत आल्या होत्या, आणि खाली पोचल्यावरच त्यांना कळलं होतं आपण कुठे आलो ते. दीक्षा त्यांच्याकडे गेली. तिथेच पायरीवर बसून, आईचे हात धरून, तिने ती वीस मिनिटं सांगून टाकली.

"मी हाक मारली होती त्यांना," त्या म्हणाल्या. "खिडकीतून. चहा झालाय म्हणून. ओ दिली नाही. मी म्हटलं, बसलाय हा माणूस परत वायरीत तोंड घालून. आणि चहा झाकून ठेवला." त्यांनी मुलीचं डोकं जवळ ओढलं. दोघींनी एकच गोष्ट आठ महिने एकमेकींपासून लपवली होती.

चार वाजता शिक्षक आले. आभाळ पुन्हा काळवंडलं होतं, म्हणून त्यांनी गेटमधूनच दिवे लावून गाडी बाहेर काढली. सरोजिनीताई म्हणाल्या, "दोन्ही पेटतायत की गं." गाडी वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये एक कोरडा चौकोन उरला. त्याच्याकडे बघवेना, तशा सरोजिनीताई पदर तोंडाला लावून वर गेल्या.

"आप्पांना तुझ्याबद्दल सांगावं लागंल," शिवतेज म्हणाला.

"चिडतील?"

"लय. आधी गावाकडं फोन करतील. मग मला टपरीवरनं हाकलतील. मग..." त्याला पुढचं माहीत नव्हतं, आणि त्याने माहीत असल्यासारखं केलं नाही. "पण तुझ्याशी परत खोटं बोलणार न्हाई. ते जमणार न्हाई म्हणाले तर तसंच येऊन सांगीन तुला. आन् तरीपण येत राहीन."

दीक्षाने मान डोलावली. तिला रडायचंही होतं आणि त्याचा ओला शर्ट वाळवायला वर न्यायचंही होतं. तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. टॉर्च अजून चालू होता. उजेड तिच्या पायांजवळ, त्या कोरड्या चौकोनाच्या कडेला पडला होता.

"अरे, बंद कर ना तो," ती म्हणाली. आपण त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं, हे तिच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं.

"काम झालं म्हणाली न्हाईस तू अजून," तो म्हणाला. "झालं का?"

दीक्षाने त्याच्याकडे पाहिलं. बाहेर पावसाने पुन्हा जोर धरला होता.

"नाही," ती म्हणाली. "धरून ठेव."